तीस फुटांची मुशी

निपाणीतल्या आमच्या गल्लीत देवळासमोर कट्टा आहे. कट्ट्याला खांब एकच, आणि त्या खांबाला टेकून बसायचा मान चौदा वर्षं पद्मराजअण्णांकडं होता. कुणी ठराव करून दिला नव्हता. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकून जैन मंडळी कट्ट्यावर येत, आणि ज्याचं ऐकायचं त्याच्यासाठी खांब मोकळा ठेवत. पद्मराजअण्णांचं ऐकत, कारण त्यांनी दांडेलीच्या जंगलात वाघ बघितला होता. वाघ पिवळा होता, गवतात होता आणि जीप लगेच पुढं गेली होती. चौदा वर्षांत मात्र तो बराच जवळ आला होता.

चुलतभाऊ जिनेंद्र त्याच जीपमध्ये शेजारी होता. "अण्णा, गाय असंल," असं तो तेव्हा पुटपुटला होता, पण पुढं कधी बोलला नाही. पद्मराजअण्णा याला त्याचा चांगला स्वभाव समजत, आणि चांगल्या स्वभावाच्या माणसाकडं जितकं लक्ष द्यावं तितकंच देत.

हा जिनेंद्र दिवाळीनंतर मुलासुनेबरोबर मालवणला गेला, डॉल्फिन बघायचं तिकीट काढून होडीत बसला, आणि शार्क बघून आला.

"तीस फुटी," त्यानं कट्ट्यावर सांगितलं. "होडीपरास लांब. काळं पंख पाण्यावर. होडीवाला बी गप झाला."

मोबाइलमध्ये फोटो होता. फोटोत पाणी अगदी स्पष्ट आलं होतं. पाण्यावर एक ठिपका होता. प्रत्येकानं तो दोन बोटांनी मोठा करून बघितला, आणि ठिपका खरोखरच मोठा झाला. सात पिढ्यांत ज्यांच्या घरात मासा आला नाही, ती माणसं शंका तरी कशाच्या जोरावर घेणार?

तिसऱ्या दिवशी पद्मराजअण्णा आले, तर खांबाला जिनेंद्र. तो उठला नाही. "या अण्णा," म्हणून थोडा सरकला. न सरकता तर अण्णांना झोप तरी लागली असती.

"तुमाला काय करायचंय त्या माशाचं?" पद्मावतीआक्कांनी सकाळी नवऱ्याला विचारलं.

"माशाचं न्हाय गं. खऱ्याखोट्याचं हाय."

"मग वाघाचं बी काढायचं का?"

अण्णांनी चहा अर्धा टाकला, खांद्यावर टॉवेल घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा मासळी बाजाराची वाट धरली. नाकाला टॉवेल लावून ते भावकूच्या पाटीपुढं उभे राहिले. भावकू नदीचे मासे विकायचा, आणि कोकणातून बर्फात येणारे समुद्राचेही.

"अण्णा, तुमी जैन न्हवं?"

"इचारायला आलोय. शार्क आन् डॉल्फिन वळखायचं कसं?"

"शार्क म्हंजे आमची मुशी. ही बघा." भावकूनं बर्फातली हातभर लांबीची मुशी उलटी केली. अण्णा वाकले. "हिचं पंख पाण्यात सरळ जातंय, करवतीगत. डॉल्फिन वर येतोय, खाली जातोय, परत वर येतोय."

अण्णांना इतका आनंद झाला की त्यांनी टॉवेल नाकावरून काढला. नेमक्या त्या वेळी गल्लीतल्या गुणाबाई रिक्षातून रस्त्यावरून गेल्या.

संध्याकाळी अण्णा मुद्दाम उशिरा, कट्टा भरल्यावर आले. खांबाला जिनेंद्र होताच.

"जिनेंद्रा, एक सांग रं. ते पंख सरळ चाललंतं, का वर-खाली?"

जिनेंद्र सरळ मनाचा. त्यानं डोळे मिटून आठवलं. "वर आलं. मग खाली गेलं. परत वर आलं, अण्णा."

चौदा वर्षांत असं सुख अण्णांना मिळालं नव्हतं. ते तोंड उघडणार, एवढ्यात समोरच्या पायरीवरून गुणाबाई म्हणाल्या, "पद्मण्णा, सकाळी मासळी बाजारात वाकून काय बघत हुतासा?"

सगळ्यांनी अण्णांच्या तोंडाकडं बघितलं, काही जणांनी जरा वास घेतल्यासारखंही केलं. अण्णांपुढं दोनच वाटा होत्या. मासा घ्यायला गेलो म्हणावं, तर देवळाची पायरी बंद. भावाचं खोटं काढायला गेलो म्हणावं, तर जळका म्हणून गल्लीभर नाव. पुढं कोण वाघ ऐकणार?

"जिनेंद्रासाठीच गेलतो," ते म्हणाले. प्रत्येक शब्द दाढेतून उपटून काढावा तसा येत होता. "भाऊ एवढं सांगतोय, उद्या कुणी खोटं म्हणाय नको. जाणकाराला इचारून आलो. वर-खाली करतीय ती मुशीच. शंका न्हाय."

"बघा, सख्खा असता तरी गेला नसता," कुणीतरी म्हणालं.

जिनेंद्रचे डोळे भरून आले. "अण्णा," तो म्हणाला, "मी आजवर कुणाला सांगितलं न्हाय. दांडेलीत तुमच्याबरोबर मी हुतो. वाघच हुता त्यो."

मग तो बाजूला झाला आणि अर्धा खांब त्यानं मोकळा केला. अण्णा टेकले. अर्ध्या खांबाला टेकलं की एक खांदा अधांतरी राहतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

बेळगुंदीहून आलेल्या एका पाहुण्यानं सगळं पहिल्यापासून ऐकायचं म्हटलं. जिनेंद्रनं सुरुवात केली, "तीस फुटी हुती..."

"बत्तीस," पद्मराजअण्णा म्हणाले.