रेणू काढायचे नाहीत

"वहिनी, संचालकांचा हुकूम आलाय. तुमचे रेणू आज वेबसाइटवरून काढतोय." दिराने प्रयोगशाळेच्या दारातूनच सांगून टाकलं. संस्थेचा सर्व्हर तो सांभाळायचा.

"काढून तर बघा, भावोजी!"

वहिनीने वर्षानुवर्षं खपून रेणूंच्या फायली तयार केल्या होत्या. फाइल उघडली की रेणू पडद्यावर फिरावा, शाळेतल्या मुलांनी तो उलटापालटा करून पाहावा, यासाठी. शाळांनी रेणू फिरवणारा प्रोग्रॅमही बसवून घेतला होता. पण तिथे नुसते आकड्यांचे रकाने दिसत. फायली खराब आहेत, असं ठरवून संचालक मोकळे झाले. फायलींच्या जागी आता रेणूंचे नुसते फोटो लागणार होते.

"फायली ठणठणीत आहेत. तुमचा सर्व्हर त्या साधा मजकूर म्हणून पाठवतोय. मग ब्राउझर बिचारा त्या प्रोग्रॅमला कशाला हाक मारेल?"

"माझ्याकडे तर मस्त फिरतात."

"ही फाइल आली की तो प्रोग्रॅम उघड, असं तुमच्या ब्राउझरला तुम्हीच पढवून ठेवलंय. चला ग्रंथालयात."

ग्रंथालयातल्या संगणकावरही तो प्रोग्रॅम होता, पण पडदाभर आकडेच आले. दिराने डोकं खाजवलं.

"मग सगळ्यांना कळवू, आपापला ब्राउझर तसा लावून घ्या म्हणून."

"केर तुमच्या घरात आणि झाडू गावाच्या हातात? सर्व्हरवर एक ओळ लिहा. ही फाइल रेणूची आहे, एवढंच सांगायचंय त्याला."

तेवढ्यात संचालक आले. "चालत्या सर्व्हरला हात लावायचा नाही. नियम आहे."

"फायली काढायला हात लागत नाही वाटतं, सर? फक्त दुरुस्तीलाच लागतो?"

"बाई, निर्णय झालाय."

"मग तो बदला. मी इथून हलणार नाही." तिने खुर्ची ओढली आणि संगणकासमोर ठाण मांडलं. "भावोजी, लिहा."

दिराने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा वहिनीकडे. शेवटी शेजारच्या संगणकावरून त्याने ओळ लिहिली आणि सर्व्हरला नव्याने वाचायला लावली. वहिनीने फाइल उघडली. पुन्हा आकडेच.

"झालं समाधान?" संचालक हसले.

वहिनी उठली नाही. "ब्राउझरने मघाची प्रत जपून ठेवलीय. तीच दाखवतोय लबाड." तिने साठवलेलं सगळं पुसलं आणि फाइल परत उघडली.

काळ्या पडद्यावर रेणू आला. तिने माउस हलवला तसा तो हळूच वळला.

"बरं, हा एक राहू दे," संचालक म्हणाले.

"सगळे राहतील."

"आणि हा बदल कुणाच्या परवानगीने झाला, असं विचारलं तर?"

"माझं नाव सांगा."

ते निघून गेले. दीर बदलाची नोंद करू लागला. वहिनीने त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

"माझी नुसती आद्याक्षरं काय घालताय? पूर्ण नाव लिहा."