आयव्हीचा भाऊ पडला

आयव्हीचा भाऊ निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा आमच्या वॉर्डात तिच्याखेरीज सगळ्यांना आनंद झाला. आयव्ही जमैकाची. कुवेतच्या एका हॉस्पिटलात आम्ही दोघी नर्स, आणि फरवानिया वस्तीत शेजारी. ऐंशी सालचा ऑक्टोबर होता. इराण-इराकच्या लढाईपायी जो तो रेडिओला कान लावून बसलेला, आणि ही बाई त्याच रेडिओवर आपल्या बेटाची बातमी शोधायची. तिकडे प्रचारात भाषणांपेक्षा बंदुकाच जास्त बोलत होत्या. तिचा भाऊ क्लिफ्टन साधा शाळामास्तर. आयव्हीनेच त्याला अंगाखांद्यावर वाढवलेलं.

"तो हरू दे, अशी मी रोज प्रार्थना करते," ती म्हणायची. "हरला तर जिवंत घरी तरी येईल."

असली प्रार्थना मी जन्मात ऐकली नव्हती. पण तिचा चेहरा बघून मी कधी हसले नाही.

लॅबमधल्या दिनकरला मात्र हे मुळीच पटायचं नाही. दिनकर साताऱ्याकडचा. त्याचे मामा जिल्हा परिषदेला दर खेपेला उभे राहायचे आणि दर खेपेला पडायचे, त्यामुळे निवडणुकीतलं सगळं आपल्यालाच कळतं असा त्याचा समज. माणूस मनाचा निर्मळ, पण तोंडाला विश्रांती म्हणून नाही. बाहेरचे फोन त्याच्याच टेबलावर यायचे, म्हणून आयव्हीने घरी तोच नंबर देऊन ठेवला होता.

त्या दिवशी दुपारच्या चहाला तो वॉर्डात आला तोच मान खाली घालून.

"सिस्टर, आयव्हीचा भाऊ पडला की वो," तो मला हळूच म्हणाला. "आत्ताच फोन आलता. तुम्हीच सांगा तिला, मला काय जमायचं नाही."

मला तर हायसं वाटलं. "अरे वेड्या, नाचेल ती! तूच सांग," म्हणत मी त्याला पुढे ढकललं.

दिनकरने घसा साफ केला आणि इंग्रजीत सांगितलं, क्लिफ्टन हरला.

आयव्हीने हातातला ट्रे ठेवला की टाकला, कोण जाणे. "हरला? नक्की?" तिने मला कवेत घेऊन गरकन फिरवलं, दिनकरचे दोन्ही हात धरले, हसता हसता रडली. खाटेवरच्या कुवेती आजीबाईंनीसुद्धा काही न कळता हात वर करून देवाचे आभार मानले. क्लिफ्टनला आता इकडेच बोलावून घेते, इथल्या शाळेत लावते, असं भराभरा बोलत होती ती. बोलता बोलता एकदम थांबली.

"पण मतदान तर पुढच्या गुरुवारी आहे."

ही तारीख तिने आम्हाला रोज ऐकवली होती. एकालाही ती आठवू नये?

"दिनकर, फोनवर शब्द काय होता?" आयव्हीने विचारलं.

"फॉलन," दिनकर म्हणाला. "क्लिफ्टन हॅज फॉलन. म्हणजे पडलाच की. आमच्याकडे पडला म्हणजे..."

मराठीत पडणं म्हणजे हरणं, हे आता कुणाला सांगायचं?

"कोण बोलत होतं?"

"तुझी आई."

"रडत होती?"

"हो. मुलगा हरल्यावर आई रडणारच, असं वाटलं मला."

आयव्ही ओरडली नाही. खाटेचा दांडा तिने घट्ट धरला होता. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मग तू तिला काय सांगितलंस?"

दिनकरने माझ्याकडे पाहिलं. मी मान वळवली.

"म्हटलं, आई, रडू नका. पाच वर्षांनी पुन्हा उभा राहील."