पुलावरची दहा मिनिटं

चौतीस हिवाळे सासारा चालवून कुमागाइने रेडिओवर "बंद" हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता. ही गोष्ट तो स्वतः कुणाला सांगत नसे. गरजच नव्हती, डेपोतली बाकीची मंडळी ते काम हौसेने करत. नवा माणूस कामाला लागला की चहाच्या वेळी त्याला आधी हे ऐकवलं जाई, आणि कुमागाइ तेव्हा नेमका हातमोजे शोधत असल्याचं सोंग करी.

नोशिबेत्सूत बर्फ पडलं की सगळ्यात आधी सासारा, म्हणजे बर्फ झाडणारी ट्राम, निघते. पुढे-मागे बांबूच्या चिरलेल्या काड्यांचे पिंपाएवढे जाड झाडू, ते गरागरा फिरतात आणि रुळांवरचं बर्फ बाजूला भिरकावतात. प्रवाशांच्या ट्राम तिच्या मागून. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने झाडू. दर पंधरा मिनिटांनी नियंत्रण कक्षातून एकच प्रश्न येतो, "मार्ग?" त्याला उत्तरं तीनच: मोकळा, वेळ लागेल, बंद. तेही सासाराच्या चालकानेच द्यायचं, कारण रूळ त्याच्या डोळ्यांपुढे असतात, साहेबांच्या नाही. तो बोलतो तेच मग प्रत्येक थांब्यावरच्या पाटीवर झळकतं.

आज जानेवारीतला तो शनिवार होता. विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेचा. दरवर्षी नेमकं त्याच दिवशी आभाळ कोसळतं. परीक्षा साडेनऊला, मार्गाच्या पार शेवटच्या टोकाला. अशा दिवसासाठी कंपनीने एक सोय करून ठेवलेली. चालकाने आठच्या आत "बंद" सांगितलं तर चाकांना साखळ्या लावलेल्या बसगाड्या परीक्षार्थींसाठी वळवायच्या, विद्यापीठाला कळवायचं, आणि ज्याच्या हातात कंपनीची उशिराची चिठ्ठी असेल त्याचा पेपर तासभर उशिरा सुरू व्हायचा. आठ वाजून गेले की बसगाड्या आपापल्या मार्गाला लागतात. "वेळ लागेल"ला ना बस, ना चिठ्ठी.

कुमागाइची मुलगी मिनोरी आज दुसऱ्यांदा परीक्षेला बसणार होती. गेल्या वर्षी ती थोडक्यात राहिली. पहिल्याच पेपरात मार खाल्ला होता तिने, बाकीचे छान गेले होते. आदल्या संध्याकाळी ती टॅक्सी सांगून ठेवायला फोन उचलत होती, तर हा जेवता जेवता कडाडला, "सासाराच्या चालकाची मुलगी टॅक्सीने जाणार? उद्या डेपोत तोंड कसं दाखवू मी?" तिने फोन खाली ठेवला, आणि भाताचा वाडगा उचलला.

सव्वासात वाजता सासारा फिशमार्केटच्या वळणावर येऊन थांबली. पुढे एक पांढरी मोटार उभी होती. तिच्या मालकाचाही फार दोष म्हणता येत नव्हता. रस्त्याकडेला बर्फाची छातीएवढी भिंत झाली होती. त्याने आपली गाडी भिंतीला अगदी चिकटवून लावली होती, आणि तरीही तिचं मागचं टोक ट्रामच्या वाटेत वीतभर आलं होतं.

"बसेल का हो काका?" झाडू चालवायच्या दांड्यापाशी बसलेल्या फुनाकीने विचारलं. फुनाकी पस्तिशीची होती, सहा वर्षं त्याच्याबरोबर काम करत होती, आणि त्याला न घाबरणारं डेपोतलं एकमेव माणूस होती.

"पुढचं तोंड बसेल. वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो, तो घासेल."

"मग हॉर्न वाजवत बसू की हात लावू?"

दोघं उतरली. मासळीच्या पेट्या उतरवणाऱ्या चौघांना फुनाकीने हाक मारली, "अहो, या की जरा! फुकटचा व्यायाम आहे!" ते हसत, शिव्या घालत आले. गाडीची मागची बाजू धरून सगळ्यांनी ती झुलवायला सुरुवात केली. एक, दोन, आणि तिसऱ्याला उचल. चाकं बोटभर सरकत होती. कुमागाइचे बूट खाली घसरत होते. आज हवा थोडी उबदार होती, आणि कुमागाइला सगळ्यात जास्त भीती होती ती या उबेचीच. कोरडं बर्फ बांबूपुढे उडून जातं. असं ओलं बर्फ काड्यांना चिकटतं, त्यांचे गठ्ठे होतात आणि झाडू नुसताच फिरत राहतो.

गाडी सरकायला पंधरा मिनिटं गेली. रेडिओ खरखरला.

"मार्ग?" नियंत्रण कक्षात मिझोगुची होता. कुमागाइ आणि तो एकाच वर्षी नोकरीला लागले होते.

"वेळ लागेल. दहा मिनिटं."

"अरे, आज पोरांची परीक्षा आहे. नक्की ना?"

"तुला माझ्याकडून कधी वेगळं ऐकू आलंय?"

फुनाकी काड्यांमध्ये अडकलेलं बर्फ लोखंडी आकड्याने ओरबाडून काढत होती. "त्या रेडिओत तुम्ही दहा मिनिटांची कॅसेट घालून ठेवली आहे का हो?" तिने विचारलं. ती आत चढताच कुमागाइने गाडी पुढे काढली.

पुलाअलीकडच्या थांब्यावर पोरंपोरी उभी होती. पंचवीस-तीस तरी असतील. गळपट्ट्यात नाकापर्यंत गुंडाळलेली, हातात टिपणांच्या वह्या. सासारा दिसली तशी सगळ्यांची तोंडं उजळली, दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. सासारा आली म्हणजे मागून ट्राम आलीच, हे या गावात शेंबडं पोरही जाणतं. मिनोरी शेवटी उभी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. हात काखेत दाबून ती पाटीकडे बघत होती. पाटीवर लिहिलेलं होतं: दहा मिनिटं उशीर.

कुमागाइने नेहमीसारखी दोन बोटं टोपीला लावली. पोरीने मान हलवली. त्याच्या छातीत अभिमान दाटून आला. हा अभिमान त्याला लाजिरवाणा वगैरे वाटला नाही. बापाने पोरीसाठी रस्ता झाडायचा, याहून मोठं काय असतं!

थांब्यापासून शंभर पावलांवर पूल सुरू होत होता. पुलावर ट्राम आणि मोटारींचा रस्ता एकच. रात्रभर ट्रक ओलं बर्फ तुडवत गेले होते. ते बर्फ रुळाच्या खाचेत दाबलं गेलं होतं आणि नदीवरच्या वाऱ्याने त्याचा दगड झाला होता. बांबू त्याच्यावरून नुसता खरडत गेला. पुढचं चाक किंचित वर चढलं, क्षणभर तसंच राहिलं, आणि धपकन खाली आलं. कुमागाइने ब्रेक दाबला.

"काका," फुनाकी म्हणाली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "चाक चढलं."

"कळलं मला."

त्याने उतरून खाचेत पहार मारली. नखाएवढा तुकडा उडाला. पुन्हा मारली. मग तो सरळ उभा राहिला आणि पुलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत नजर टाकली. दोनशे मीटर, दोन्ही रूळ. इतक्या वर्षांचा अनुभव खोटं बोलू देत नव्हता. हे दोन तासांचं काम होतं. माणसं भरलेली ट्राम यावरून न्यायची म्हणजे ती रूळ सोडून मोटारींच्या रांगेत घुसणार.

रेडिओ वाजला. पावणेआठ.

"मार्ग?"

कुमागाइने तोंड उघडलं. गेल्या वर्षी याच दिवशी, याच पुलावर, असंच बर्फ होतं. थोडं कमी असेल. पन्नास मिनिटं पहार मारून त्याने पूल मोकळा केला होता आणि ट्राम गेली होती. डेपोत त्या दिवशी सगळ्यांनी उभं राहून त्याचं स्वागत केलं होतं.

"दहा मिनिटं," तो म्हणाला.

फुनाकीने दुसरी पहार उचलली. ती समोरच्या रुळावर जाऊन घाव घालू लागली. चार-पाच घाव घातल्यावर मात्र तिच्याने राहवलं नाही. "दहा मिनिटांत काय होणार आहे इथे? सांगा ना! तुम्ही मला शिकवलंत, खाच ठणठण वाजली की समजायचं तासांचं काम आहे. वाजतेय की नाही?"

"गेल्या वर्षी झालं होतं."

"गेल्या वर्षी मी होते बरोबर. कसं झालं ते मला विचारा."

"तू पहार मार."

"मारते. पण तो शब्द मला उच्चारता येत नाही, तुम्हालाच येतो. नियमच तसा आहे, नाहीतर केव्हाच सांगून मोकळी झाले असते."

कुमागाइ घाव घालत राहिला. घामाने पाठ भिजली होती. आठला दहा कमी. त्याला कंपनीची भीती नव्हती, मिझोगुचीची नव्हती. भीती होती ती फक्त उद्या सकाळच्या चहाची, जेव्हा कोणीही काही बोलणार नाही.

दम घ्यायला त्याने मान वर केली आणि मागे थांब्याकडे बघितलं. एक टॅक्सी येऊन थांबली होती. रिकामी. चालकाने काच खाली करून पोरांना काही विचारलं. पुढच्या दोन मुलींनी पुलाकडे, सासाराकडे बोट दाखवलं, आणि हसून नको म्हणून हात हलवले. टॅक्सी हळूहळू रांगेवरून पुढे सरकली. मिनोरीपाशी आल्यावर ती पुन्हा थांबली. मिनोरीने पाटीकडे पाहिलं. मग पुलावर पहार धरून उभ्या असलेल्या बापाकडे पाहिलं. आणि तिनेही मान हलवून टॅक्सी सोडून दिली.

ही पोरं ट्रामच्या भरवशावर थांबलेली नाहीत, माझ्या जिभेच्या भरवशावर थांबली आहेत, हे कुमागाइला तेव्हा लख्ख कळलं. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की पहार हातातून सुटली.

तो धावत गाडीत चढला. घड्याळात आठला तीन कमी होते. रेडिओचं बटण दाबताना हातमोजा आड येत होता, तो त्याने दातांनी ओढून काढला.

"मिझोगुची."

"काय रे? मोकळा झाला?"

"बंद," तो म्हणाला. "पुलावर खाच गोठली आहे. मार्ग बंद."

मिझोगुचीचा आवाज आला, एकदम सरकारी. "सात सत्तावन्न. मार्ग बंद. नोंद झाली. बस सोडतो." आणि जरा थांबून, हळूच, "बरं केलंस."

उशिराच्या चिठ्ठ्यांचं पुस्तक ड्रॉवरच्या तळाशी होतं, कोरं करकरीत. थांब्यावर जाऊन चिठ्ठ्या द्यायचं कामही चालकाचंच. कुमागाइ गुडघाभर बर्फातून तिथे गेला. बातमी पाटीवर आधीच झळकली होती आणि पोरांमध्ये गलका माजला होता. एक मुलगी रडत होती. तो टोपी काढून सगळ्यांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, बस येतेय, पेपर तासभर उशिरा सुरू होईल, चिठ्ठी जपून ठेवा. मग एकेकाचं नाव विचारून तो लिहीत सुटला. कारण: मार्ग बंद. वेळ: सात सत्तावन्न. खाली सही. बोटं आखडली होती, तरी त्याने अक्षर बिघडू दिलं नाही.

बस आली. पोरं भराभर चढू लागली. मिनोरी सगळ्यात शेवटी आली. त्याने तिचं नाव विचारलं नाही, लिहिलं आणि चिठ्ठी पुढे केली. तिच्या डोळ्याला डोळा द्यायचा धीर त्याला झाला नाही.

"तुझ्यासाठी केलं," तो पुटपुटला. "चौतीस वर्षांत पहिल्यांदा."

मिनोरीने चिठ्ठी घेतली. दोन्ही हातांनी धरून नीट वाचली, जणू त्यात आणखी काही लिहिलेलं असावं.

"बाबा, गेल्या वर्षीही मी इथेच उभी होते," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, रागाचा नव्हता. "पन्नास मिनिटं. पाटीवर सारखं दहा मिनिटं, दहा मिनिटं. मी पोचले तेव्हा पेपर सुरू होऊन पाव तास झाला होता. आत घेतलं त्यांनी, पण बोटं इतकी गारठली होती की पेन्सिल धरता येईना. अर्धा पेपर कोरा गेला. ही चिठ्ठी असती तर..."

तिने चिठ्ठीची घडी घातली.

"मला का नाही सांगितलंस?" कुमागाइने विचारलं.

"तुम्ही त्या रात्री घरी आलात ते किती खूश होतात! पूल मोकळा केला, ट्राम नेली, आईला तीनदा सांगितलंत. मग मी काय सांगणार?"

बसच्या चालकाने हाक मारली. मिनोरी चढली, दार मिटलं. काचेपलीकडे ती चिठ्ठी दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवताना दिसली.

मार्ग बंद झाला की कंपनीच्या माणसाने प्रवाशांपुढे वाकून माफी मागायची असते. चौतीस वर्षांत कुमागाइवर ती वेळ आली नव्हती. आता तो टोपी छातीशी धरून कमरेतून वाकला. बस निघाली, पुलाला वळसा घालून वरच्या पुलाकडे जाणाऱ्या नदीकाठच्या रस्त्याला लागली, दिसेनाशी झाली. फुनाकी पहार खांद्यावर टाकून त्याला न्यायला आली, तेव्हाही तो तसाच वाकून उभा होता, आणि त्याच्या पाठीवर बर्फ साचत होतं.