तहान म्हणजे बोलावणं

आमच्या घरात एकही शब्द सरळ चालला नाही. बाबा सूफी काव्य शिकवायचे. बाहेरच्या खोलीत चटया पडल्या की सुरू: दारू म्हणजे प्रेम, गुत्ता म्हणजे गुरूचं घर, प्रियेचे केस म्हणजे संसाराचा काळोख. आई आतून ओरडायची, "आणि संपलेलं पीठ म्हणजे काय, तेही विचारा त्यांना!"

तहानेवर बाबांचा विशेष जीव. "तहान म्हणजे त्याचं बोलावणं. ती विझवायची घाई करू नका," असं ते वर बोट दाखवून सांगायचे आणि मग तांब्याभर पाणी गटागटा प्यायचे. मला हसू यायचं.

आता त्यांचं अर्धं अंग गेलंय आणि गिळणंही गेलंय. डॉक्टरांनी निक्षून सांगितलंय, तोंडाने थेंबभरही द्यायचं नाही, पाणी थेट फुप्फुसात जाईल. सलाईनमधून शरीराला पाणी मिळतंय, असं नर्स म्हणते. घशाला ते कोण पटवणार? सकाळपासून बाबा एकच शब्द बोलतायत, "पाणी."

दुपारी शिष्य आले. त्यांतले सगळ्यांत जुने घड्याळजीकाका. बाबांचा शब्द ऐकून त्यांचे डोळे भरून आले.

"उस्तादांची तहान! अजून शिकवतायत बघ आपल्याला."

माझं डोकंच फिरलं. "काका, त्यांना पाणी हवंय. ग्लासातलं, साधं."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. माणूस मनापासून रडत होता, त्यामुळे मला धड भांडताही येईना.

ते गेले. मी माझी पाण्याची बाटली पायाने खाटेखाली सरकवली, पण बाबांनी ती पाहिली होती.

"थोडं," ते म्हणाले.

"डॉक्टर नको म्हणालेत, बाबा."

"थोडंसं गं."

माझ्याकडे देण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. मग ज्याला जन्मभर नाकं मुरडली, तेच मी बोलू लागले. "बाबा, तहान म्हणजे त्याचं बोलावणं. ती विझवायची घाई करायची नसते. तो जवळ आलाय, म्हणून घसा कोरडा पडतो."

शिष्याचं उत्तर ऐकावं तसं त्यांनी नीट ऐकलं. मला वाटलं, जमलं.

"बरोबर," ते म्हणाले. मग चांगल्या हाताने माझं मनगट धरलं. "आता पाणी दे."

मी ओला कापूस पिळून त्यांच्या ओठांवरून फिरवला. त्यांनी तो ओठांत पकडला आणि चोखू लागले. मला तो ओढून काढावा लागला.