अर्धी माळ

सत्त्याण्णव साली झुंबरबाईला एकच काम होतं, नवऱ्याची नाडी मोजायची. म्हणायला एकच. पण रोज सकाळी, चूल पेटायच्या आधी, दुखऱ्या गुडघ्यांवर खाली बसायचं आणि रखमाजीचा हात मांडीवर घ्यायचा. पाच महिन्यांत बाई पार कंटाळून गेली होती, आणि हे कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती.

रखमाजीचं काळीज बेताल धावायचं. जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी रोजची एक बारकी पांढरी गोळी दिली आणि बजावलं, "मावशी, ही गोळी म्हणजे उधळल्या बैलाला वेसण. जास्त ओढली तर बैल जागीच बसतो. म्हणून गोळीआधी पुरा एक मिनिट नाडी मोजायची. साठच्या खाली आली तर गोळी द्यायची नाही, ह्यांना इकडं आणायचं."

साठ म्हणजे तीन विसा, हे झुंबरबाईला कळत होतं. अडचण मिनिटाची होती. घरातलं घड्याळ बंद पडलं, तेव्हा तीर्थपुरीच्या तातेराव कंपाउंडरनं तोड काढली. रखमाजी रोज माळ ओढायचा. तातेरावनं आपलं घड्याळ लावून पाहिलं, रामनामाची अर्धी माळ म्हणजे बराबर एक मिनिट. निम्म्यावर त्यानं लाल दोरा बांधून दिला. मंग काय, एका हातानं तो माळ ओढी, दुसरा हात धरून ही ठोके मोजी. घड्याळाचा सेल आणायचा राहूनच गेला. थकल्या घरात अशी कामं राहूनच जातात.

भादव्यात रखमाजीला हगवण लागली. पाच-सहा दिवसांत माणूस निम्मा झाला. ताट पुढं आलं की मळमळायचं.

"भाकर पिवळी दिसून राह्यली गं," तो म्हणाला.

"हायब्रीड जवारी हाय. दिसंल न्हाई तं काय," झुंबरबाई म्हणाली. वाद घालायची ताकद तिच्यात तरी कुठं होती. नाडी रोज तीन विसा भरत होती, मंग गोळी चुकवायची कशाला? उलट आजारपण म्हणून ती जास्तच जपून, वेळेवर देत होती.

सातव्या दिवशी रखमाजी अंगणात उभा राहिला आणि तिथंच कोसळला. शेजारच्या काकासाहेबानं जीप काढून दोघांना जालन्याला पोचवलं.

डॉक्टरीणबाईंनी मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. "अडतीस. मावशी, आज गोळी दिली?"

"दिली. तीन विसा भरल्या म्हनून दिली. म्या सोता मोजल्या."

"कशा, ते दाखवा बरं."

"आवं, माळ ओढा," ती नवऱ्याला म्हणाली.

रखमाजीनं पडल्या पडल्या माळ धरली, झुंबरबाईनं त्याचं दुसरं मनगट. बोट मण्यावर थांबायचं, सुकले ओठ राम म्हणायचे, मंग बोट पुढचा मणी शोधायचं. घड्याळाचा बारीक काटा एक फेरी फिरून गेला. लाल दोरा अजून लांबच होता. दोरा हाताला लागला तेव्हा तीन विसा बिलकुल बराबर भरल्या होत्या, आणि दीड मिनिट उलटून गेलं होतं.

झुंबरबाईनं त्याचं मनगट सोडलं. माणूस खचत गेला तशी माळ मंदावत गेली, आणि ती बिनघोर गोळ्या देत राहिली.

"म्याच मारून राह्यले व्हते की वो त्यांला," ती म्हणाली.

"हगवणीनं अंगातलं पाणी गेलं, क्षार गेले, औषध साचत गेलं. मळमळ, पिवळं दिसणं ही त्याचीच खूण. हगवण लागली तेव्हाच यायचं होतं," बाई म्हणाल्या. "गोळी बंद. औषध उतरायला काही दिवस लागतील. तोवर मी भरवसा देत नाही."

चार दिवस झुंबरबाई खाटेशी बसून राहिली. नर्स आकडा सांगायची, चाळीस, चव्वेचाळीस, ती मान हलवायची. नवऱ्याच्या मनगटाला तिनं बोट लावलं नाही. आपल्या हाताचीच तिला भीती वाटत होती.

पाचव्या दिवशी दुपारी रखमाजीनं उशाखालून माळ काढली. झुंबरबाईनं घड्याळाकडं पाहिलं. मणी जुन्या चालीनं सरकू लागले. काटा फेरी पुरी करून वर आला आणि त्याचं बोट लाल दोऱ्यावर पोचलं.

"काय बघून राह्यलीस?" त्यानं विचारलं.

"काई न्हाई."

नर्स नाडी मोजायला आली, तेव्हा झुंबरबाई भिंतीला टेकून, बसल्या जागी गाढ झोपली होती.