सुताराचा डाव

खाण कोसळली आणि सुतार, त्याचा मेहुणा आणि एक म्हातारा हमाल आत अडकले. पाण्याचा एकच डबा होता. त्यावरून मेहुणा आणि हमाल हातघाईवर आले, तेव्हा सुताराने लाकडी टेकूच्या ढलपीतून दोन फासे कोरले.

"भांडू नका. ज्याला सात पडतील, त्याने घोट घ्यायचा."

दिवा विझल्यावर फाशांवरचे खळगे बोटांनी चाचपावे लागले. ते काम सुताराने स्वतःकडे घेतलं. दान कधी मेहुण्याला पडे, कधी म्हाताऱ्याला. सुताराला काही पडेना.

एकदा सुताराने "सात" म्हटल्यावर मेहुण्याने स्वतः फासे चाचपले.

"भावजी, हे तर पाच आहेत."

"गप पी," सुतार घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तुझ्या बहिणीने नवरा आणि भाऊ दोघंही गमवायचे का?"

मेहुणा प्यायला. तहानेपुढे लाज टिकली नाही.

ढिगारा उपसला तेव्हा सुतार गेला होता. म्हाताऱ्याने तो डाव गुत्त्यात शिकवला. तिथून तो गावोगाव पसरला आणि पाण्याऐवजी पैसे लागू लागले. सात पडले की लोक "सुतार पावला" म्हणतात. ते कानावर आलं की मेहुणा उठून बाहेर जातो.