मागची वाट

सासऱ्याचं नाव झियांडानं तोंडानं घ्यायचं नाही, ही रीत. म्हणून आपणही त्याला ताताच, म्हणजे बाबाच, म्हणू. ताता गावचा मुखिया. त्याच्या मोठ्या घराच्या आणि गुरांच्या गोठ्याच्या मधल्या अंगणात सुनेनं पाऊल टाकायचं नाही, हीही रीतच. पुरुष तिथं बसून मक्याची बिअर पिणार, न्यायनिवाडे करणार, आणि माकोटीनं, म्हणजे सुनेनं, डोक्यावर बादली घेऊन घरांच्या पाठीमागून वळसा घालायचा. लग्न होऊन आल्यापासून झियांडा तो वळसा घालत होती. पाय दुखायचे, पण डोंगरावरली एकूण एक मागची वाट तिला पाठ झाली होती.

गावात मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून गावानं वर्गणी काढून इंटरनेट आणलं. घराघराच्या भिंतींना बाहेरून राउटर लटकले. ते सांभाळायचं काम झियांडाकडे आलं, कारण दक्षिण आफ्रिकेतल्या म्थाथा शहरात राहून ते शिकलेली ती एकटीच. पण बाहेरून इंटरनेट ज्याच्यावर यायचं तो मुख्य खांब कुठं रोवला? ताताच्या अंगणात! प्रत्येक घरचा राउटर फक्त त्या खांबाला ओळखायचा. शेजारणीला फोन लावला तरी आवाज आधी अंगणात जाणार, मग शेजारणीकडे. आणि खांब बिघडला, तर दुरुस्त करणारीलाच तिथं जायची बंदी. आता बोला!

"ताता, राउटर एकमेकांना जोडले तर बरं," झियांडानं एकदा दाराआडून सुचवलं होतं. "रस्ता एकच असला की तो बंद पडल्यावर सगळंच बंद."

"बंद पडायला मी काय मेलोय?" ताता हसला होता. "या गावातले सगळे रस्ते माझ्या अंगणातूनच जातात."

पुढं त्यानं नदीतली वाळू उपसायला एका ठेकेदाराला परस्पर होकार दिला. वाळू गेली की पाणी जाणार, पाणी गेलं की काठावरचे बायकांचे मळे. सरकारी सुनावणी फोनवरच्या व्हिडिओतून व्हायची होती, आणि गावातून कुणी बोललं नाही तर होकारच धरणार होते. पहिल्या सुनावणीला नेमका खांब बंद पडला. 'उंदरानं वायर खाल्ली,' असं ताता म्हणाला. उंदीर दोन पायांचा होता हे अख्ख्या गावाला कळलं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? एकच सुनावणी उरली.

टेकडीच्या टोकाला राहणारी माम्पिंगा ही विधवा म्हातारी तेवढी फटकळ. ती म्हणाली, "माकोटी, तुला एवढं येतं, मग रडतेस कशाला?"

"रडत नाही, मा. चिडलेय."

"मग नीट चीड की!"

झियांडा नीट चिडली. पाण्याला जाता-येता ती एकेका घरी थांबायला लागली. प्रत्येक राउटरला तिनं आजूबाजूच्या दोन-तीन घरांची ओळख करून दिली. एक वाट बंद झाली तर त्यानं दुसरी धरावी. माम्पिंगाच्या छपरावरून दरीपलीकडचं चर्च दिसायचं. पाद्रीबाबांनी तिथं एक राउटर बसवू दिला, म्हणजे गावाबाहेर जायलाही दुसरं दार झालं. छपरावर नुसत्या अँटेना ठेवून राउटर तिनं घरात नेले. 'पावसात खराब होतात,' एवढंच सांगितलं. कुणी फारसं लक्ष दिलं नाही, बायकांच्या कामाकडे कोण बघतं!

रुस्टेनबर्गच्या खाणीतून नवऱ्यानं, लुंगानं, फोनवर समजावलं, "वडील आहेत, जाऊ दे ना."

"वडील तुझे आहेत. मळा माझा आहे," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

सुनावणीला बायका झियांडाच्याच घरात दाटीवाटीनं बसल्या. "आपल्या गावातून कुणी आहे का?" फोनमधल्या साहेबानं विचारलं, आणि त्याचं तोंड उघडंच थिजलं. आवाजही गेला.

"काढली मेल्यानं वायर!" माम्पिंगा ओरडली.

सापड, सापड रे वाट, झियांडा मनात म्हणत राहिली. मागच्या घरावरून, मळ्याकडच्या घरावरून, टेकडीवरून. तेवढ्यात साहेब हलला. "ऐकू येतंय का? आहे का कुणी?"

"आहोत! आणि आमचा विरोध आहे!"

ती बोलत होती तोच दारात सावली पडली. ताता! हातात उपटलेली वायर तशीच. वायर याच्या मुठीत आणि सुनेचा आवाज मात्र चाललाय खणखणीत. त्याला काही उमजेना.

"बंद कर ते!"

"कोण ओरडतंय?" साहेबानं विचारलं.

"आमचे मुखिया आहेत. त्यांनाही बोलू द्या नंतर, आमच्या वाटेवर कुणाला बंदी नाही," असं सांगून झियांडानं आपलं म्हणणं पुरं केलं. नंतर एकेक बाई बोलली. साहेबानं सगळ्यांचा विरोध नोंदवून घेतला.

"कुणाला विचारून केलंस हे?" ताता उंबऱ्याबाहेरून गरजला.

"तुम्हीच शिकवलंत, ताता. अंगणात पाय टाकू नकोस, मागून जा म्हणालात. गेले मागून."

"एकेक डबा फोडून टाकतो!" त्यानं पाय उचलला आणि उंबऱ्यावरच अडखळला. सुनेच्या घरात सासऱ्यानं पाऊल टाकायचं नाही, हीही रीतच की! अंगणातली रीत पाळायला लावणाऱ्याला ही मोडता येईना. एकाच कुळाचं गाव, म्हणजे साऱ्या सुना त्याच्याच सुना. पाठवायला पोरं म्हणावीत, तर ती खाणीत, आणि गावात उरलेले म्हातारे, तेही सासरेच.

"माझ्याकडे ये की फोडायला," माम्पिंगा म्हणाली. "मी काही तुझी सून नाही. पण मुसळ घेऊन बसलेली असेन हं!"

बायका खदाखदा हसल्या. झियांडा हसली नाही. तिनं शाल खांद्यावर नीट ओढली आणि दाराकडे वळून म्हणाली, "माझा फोडलात तर शेजारणीचा चालेल, ताता. तिचा फोडलात तर पलीकडचीचा. सगळे सुनांच्या घरात आहेत. या ना आत."